पदक कुणाला दाखवायचं आहे?

*पत्र (थोडं कापून) :*

ताई, नमस्कार. मी इंदूरला लोकमान्यनगरात राहतो. पीथमपूरच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये दहा-बारा वर्षं काढली, मग नोकरी सोडली. धार जिल्ह्यात कुक्षीच्या पलीकडे भिलाला आदिवासी बायकांचा एक बचत गट आहे. राज्याच्या हेरिटेज मदिरा धोरणाखाली त्यांना मोहाची दारू गाळायचा परवाना मिळाला आहे. त्यांची तांत्रिक बाजू आणि विक्री मी बघतो. महिन्याला साधारण सहाशे बाटल्या निघतात, सगळा खर्च वजा जाता बाटलीमागे १२० रुपये गटाला उरतात. खात्यात अडीच लाख शिल्लक आहेत. आमचे तीन प्रकार आहेत : साधी, बडीशेप घातलेली आणि लाकडी पिंपात ठेवलेली. हे तिन्ही परदेशातल्या मोठ्या स्पर्धेला पाठवावेत असं माझ्या मनात आहे. एक पदक मिळालं तर नाव होईल. त्यातच लंडनच्या एका संस्थेचा ई-मेल आला की तुमचं उत्पादन निवडलं गेलं आहे, पंधरा दिवसांत फी भरा. बायको म्हणते, पैसे पाण्यात जातील. बाबा निवृत्त शिक्षक. त्यांनी नातेवाइकांना मी अजून पीथमपूरलाच जातो असं सांगून ठेवलंय. पदक आलं तर निदान त्यांना चारचौघांत सांगायला काही होईल. काय करू?
— नाव छापू नये, इंदूर

*उत्तर :*

आधी तो ई-मेल. त्याला उत्तर देऊ नका, "आम्हाला रस नाही" असंही लिहू नका. तुम्ही बाटली पाठवलेली नाही, कुणी ती उघडलेली नाही, वास घेतलेला नाही आणि तरी तुम्ही निवडले गेलात! मी बरीच वर्षं इंदूरच्या छोट्या खाद्यउद्योगांचे हिशेब बघितले. शेवेच्या कारखानदारांना असे फोन यायचे ते मी शेजारी बसून ऐकलेत. "सर, आपकी कंपनी सिलेक्ट हुई है", मग पंचतारांकित हॉटेलातला समारंभ, एखाद्या सिनेनटाच्या हातून ट्रॉफी आणि शेवटी 'सहभाग शुल्क'. ट्रॉफी दुकानात गल्ल्यामागे लागायची, गिऱ्हाईक अर्धा किलो लौंग सेव घेऊन जायचं आणि तिच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. तुमच्या ई-मेलमध्ये फी कितीची आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण माझा अंदाज, पहिली फी कमी असेल आणि जिंकल्यावर चिन्ह वापरायचे, प्रमाणपत्राचे, जेवणाच्या टेबलाचे पैसे वेगळे असतील.

खऱ्या स्पर्धा वेगळ्या असतात आणि त्या आहेत. लंडनची इंटरनॅशनल वाइन अँड स्पिरिट कॉम्पिटिशन १९६९ पासून चालू आहे, सॅन फ्रान्सिस्को वर्ल्ड स्पिरिट्स कॉम्पिटिशन २००० पासून. तिथे परीक्षकांसमोर नुसते ग्लास येतात, बाटली दिसत नाही. वर्ग सांगितला जातो, बाटलीचं नाव नाही. अर्थात तिथल्या पदकाबद्दल एक गैरसमज जवळपास सगळ्यांचा असतो, तो तुमच्या पत्रातही दिसला. आपल्याला वाटतं, सुवर्णपदक म्हणजे पहिला नंबर, ऑलिंपिकसारखा. तसं नसतं. हे शाळेतल्या फर्स्ट क्लाससारखं आहे; ठरावीक गुणांच्या वर गेलात की मिळतो, वर्गात तो पन्नास जणांनाही मिळू शकतो. लंडनच्या त्या स्पर्धेत शंभरपैकी ९५ पासून वर सुवर्ण, ९० पासून वर रौप्य, ८५ पासून वर कांस्य असा हिशेब असतो. सॅन फ्रान्सिस्कोला पॅनेलमधल्या प्रत्येक परीक्षकाने सुवर्ण दिलं तर त्याला 'डबल गोल्ड' म्हणतात. त्यामुळे मोठ्या स्पर्धांत काही ना काही पदक घेऊन परतणाऱ्या बाटल्या भरपूर असतात. कांस्यपदकाचा फोटो टाकणारे खोटं बोलत नसतात, पण बघणाऱ्याला त्यातून जे समजतं ते बरंचसं चुकीचं असतं.

आता एका माणसाची गोष्ट सांगते. तुम्ही प्रयोगशाळेतले, तुम्हाला ती आवडेल. कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन नावाचे समुद्रशास्त्राचे प्राध्यापक होते, निवृत्तीच्या आगेमागे स्वतःची छोटी वाइनरी चालवायचे. त्यांनाही तुमच्यासारखंच कोडं पडलं. त्यांची तीच वाइन एका स्पर्धेत सुवर्ण घेऊन यायची आणि दुसऱ्या स्पर्धेत तिला कुणी विचारायचंही नाही. त्यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरमधल्या वाइन स्पर्धेच्या आयोजकांना गळ घातली आणि परीक्षकांचीच परीक्षा घेतली. तीसेक ग्लासांच्या फेरीत एकाच बाटलीतली वाइन तीनदा ठेवायची, वेगवेगळ्या क्रमांकाखाली. परीक्षकांना पत्ता नाही. तिन्ही वेळा साधारण सारखे गुण देणारे परीक्षक किती निघाले? दहातला एक. बाकीच्यांच्या गुणांत इतका फरक पडला की तोच घोट एकदा रौप्याला पोचावा आणि एकदा रिकाम्या हाताने परतावा. हे त्यांनी २००८ मध्ये छापलं. पुढच्या वर्षी त्यांनी अमेरिकेतल्या तेरा स्पर्धांचे निकाल एकमेकांशी ताडून पाहिले. तीनपेक्षा जास्त स्पर्धांत उतरलेल्या २,४४० वाइन होत्या. त्यांतल्या ४७ टक्के वाइनना कुठे ना कुठे सुवर्ण मिळालं होतं. आणि अशा सुवर्णवाल्या वाइनपैकी ८४ टक्के वाइनना दुसऱ्या कुठल्या तरी स्पर्धेत काहीही मिळालं नव्हतं.

हा अभ्यास वाइनचा आहे, गाळलेल्या दारूचा नाही, आणि परीक्षक फसवत होते असं त्यात कुठेही नाही. सकाळपासून साठ-सत्तर घोट जिभेवर घेऊन थुंकणाऱ्या माणसाची जीभ जे करेल तेच त्यांची जीभ करत होती. पण यातून तुमच्यासाठी दोन गोष्टी निघतात. पदक मिळालं नाही तर तुमच्या मालात खोट आहे असं समजून बायकांचं मन मोडू नका. आणि जास्त ठिकाणी पाठवलं की कुठेतरी पदक लागतंच. मोठ्या कंपन्यांना ते पक्कं ठाऊक असतं आणि त्यांना ते परवडतं. तुम्हाला नाही.

मग पदकाला अर्थच नाही का? आहे, आणि दारूच्या धंद्यात इतर धंद्यांपेक्षा जास्तच आहे. कारण आपल्याकडे दारूची जाहिरात करता येत नाही. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांनी ती थेटही बंद आहे आणि आडवळणानेही. तरी सोडा आणि म्युझिक सीडीच्या नावाने मोठे लोक आपलं नाव दाखवत राहतात, तो खर्च गटाच्या आवाक्यातला नाही. पदक मात्र बातमी होतं, आणि बातमीला कुणी जाहिरात म्हणत नाही. हरियाणातल्या इंद्री व्हिस्कीच्या दिवाळी आवृत्तीला २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका स्पर्धेत 'बेस्ट इन शो' मिळालं, तेव्हा आपल्याकडच्या किती वर्तमानपत्रांनी 'जगातली सर्वोत्तम व्हिस्की' असा मथळा दिला आठवतंय? त्या स्पर्धेत आलेल्यांमध्ये ती सर्वोत्तम ठरली होती. जगातल्या सगळ्या व्हिस्की तिथे आलेल्याच नव्हत्या. पण मथळ्याने काम केलं. त्यामागची कंपनी साखर आणि अल्कोहोलच्या धंद्यातली, चांगली मोठी. मथळा छापला त्या दिवशी त्यांच्याकडे माल होता, वितरक होते, दुकानात बाटली होती.

याच्या उलट ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटाचं उदाहरण घ्या. होबार्टजवळची सलिव्हन्स कोव्ह ही छोटी डिस्टिलरी. २०१४ मध्ये वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये तिच्या व्हिस्कीला जगातली सर्वोत्तम सिंगल मॉल्ट (एकाच डिस्टिलरीतली, नुसत्या मॉल्टची व्हिस्की) ठरवलं. स्कॉटलंड आणि जपानच्या बाहेर हा मान तोवर कुणाला गेला नव्हता. बक्षीस मिळालेली व्हिस्की होती एकाच पिंपातली. बक्षीस जाहीर झालं तोवर ते पिंप संपलेलं. जगभरातून मागणी आली आणि द्यायला ती व्हिस्कीच नाही. आज भट्टी लावली तरी ती तयार व्हायला वर्षं लागणार. त्यांचं नाव झालं, ऑस्ट्रेलियाच्या सगळ्याच छोट्या डिस्टिलऱ्यांचा फायदा झाला, हे मान्य. पण त्या वर्षी मागणी आणि माल यांची गाठ काही पडली नाही. तुमचं मोहाचं झाड तर मार्च-एप्रिलमध्ये एकदाच फुलतं. त्या वेळी जेवढी फुलं सुकवून कोरडी साठवलीत तेवढाच तुमचा वर्षाचा माल. नोव्हेंबरमध्ये पदक आलं आणि गोव्याच्या कुणी दोन हजार बाटल्या मागितल्या, तर काय सांगाल?

आणि बेंगळुरूची अमृत. २००४ मध्ये त्यांनी आपली सिंगल मॉल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला ठेवली, म्हणजे पंढरपुरात जाऊन बुक्का विकण्यातलाच प्रकार! पहिली काही वर्षं रखडत गेली. मग 'व्हिस्की बायबल' या आपल्या पुस्तकाच्या २०१० च्या आवृत्तीत जिम मरे या समीक्षकाने त्यांच्या फ्यूजन या व्हिस्कीला शंभरपैकी ९७ गुण दिले, जगात तिसरी म्हणून नाव घेतलं आणि गाडी रुळावर आली. हे स्पर्धेचं पदक नव्हतं, एका माणसाचं मत होतं. पण व्हिस्की विकत घेणारे आणि विकणारे ज्याचं ऐकत होते असा तो माणूस होता. फरक तिथे पडला.

म्हणून मी तुम्हाला विचारते : तुमचं पदक कोण बघणार आहे? सावकाश, नावं लिहून काढा. इंदूरच्या दुकानात गिऱ्हाईक बाटली मागतं ते भाव आणि सवय बघून. चिकटवलेल्या सोनेरी वर्तुळाने त्याचा हात तुमच्याकडे वळेल असं मला वाटत नाही. पर्यटन महामंडळाच्या हॉटेलात उतरलेला पाहुणा मोह घेतो तो कुतूहल म्हणून, आणि वेटरने चार वाक्यं नीट सांगितली तर दुसरा पेगही घेतो. तिथे वेटर शिकवणं पदकापेक्षा स्वस्त पडेल. राहिले मुंबई, गोवा, बेंगळुरूच्या बारचे व्यवस्थापक आणि पुढेमागे बाहेरचा आयातदार. हे लोक तुम्हाला ओळखत नाहीत, त्यांच्याकडे रोज नवी बाटली घेऊन कुणीतरी येतं, आणि ती उघडावी की नाही हे ठरवायला त्यांना काहीतरी निमित्त लागतं. पदक ते निमित्त आहे. बाटली उघडल्यावर पुढचं काम दारूचं. असे खरेदीदार तुमच्या कागदावर निदान पाच-सहा असतील आणि त्यांना विकायची कायदेशीर वाट मोकळी असेल, तरच स्पर्धेचा विचार करा. ती वाट मोकळी आहे का, हेरिटेज परवान्यावर राज्याबाहेर माल पाठवता येतो का आणि कुठल्या अटींवर, हे जिल्हा आबकारी कार्यालयातून लेखी घ्या. तोंडी "हो जाएगा" वर विसंबू नका.

आता पैशांचं बघू. नावाजलेल्या स्पर्धांपैकी काहींची फी एका बाटलीच्या प्रकाराला पाचशे डॉलरच्या वर असते. तीन प्रकार म्हणजे नुसती फी सव्वा लाखाच्या वर. त्यावर नमुन्याच्या बाटल्या, निर्यातीचे कागद, दारू नेणारा खास कुरिअर, तिकडचा सीमाशुल्काचा भुर्दंड. पदक लागलंच तर ते चिन्ह लेबलवर छापायचे किंवा स्टिकरचे पैसे बऱ्याच स्पर्धा वेगळे घेतात. सगळं मिळून दोन लाखांच्या घरात जाईल. बाटलीमागे तुम्हाला १२० रुपये उरतात, म्हणजे हे दोन लाख नुसते भरून निघायला साधारण १,६७० बाटल्या जास्तीच्या विकल्या जायला हव्यात. तुमचं उत्पादन महिन्याला सहाशे. जवळजवळ तीन महिन्यांचा सगळा माल स्पर्धेच्या नावाने. आणि खात्यात उरतात पन्नास हजार, ज्यातून मार्चमध्ये फुलं घ्यायची आहेत. बायको पैसे पाण्यात जातील म्हणाली ते अगदी तसं नसेल, पण आकडेमोड तिने तुमच्याआधी केलेली दिसते.

मोहाची आणखी एक अडचण. जिन पाठवली तर ती इतर जिनांच्या रांगेत बसते, परीक्षकाला जिन कशी असावी हे ठाऊक असतं. मोहाला बहुतेक ठिकाणी स्वतःची रांग नाही. 'इतर' किंवा 'खास प्रकार' असल्या खणात एखाद्या कुठल्या तरी मुळाच्या आणि कुठल्या तरी पानाच्या दारूशेजारी ती ठेवली जाते. ज्याने मोह कधी हुंगलेलाच नाही त्याला तो मनुकांचा, किंचित कस्तुरीकडे झुकणारा वास गुण वाटेल की दोष, सांगता येत नाही. मोहाला जगापुढे आणायचं काम सुरू झालेलं आहे. डेस्मंड नाझरेथ या मद्यउत्पादकाने २०१८ मध्ये गोव्यात मोहाची बाटली आणली, डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीने सिक्स ब्रदर्स महुरा काढली, आपल्याकडे अलीराजपूरची मोंड आणि डिंडोरीची मोहुलो आहेत. पाच-दहा वर्षांत परीक्षकांची जीभ सरावेल. रांगेत पहिलं उभं राहायचा खर्च अडीच लाख शिल्लक असलेल्या गटाने करावा, असं मला वाटत नाही.

ज्या दारूवर इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८९२ साली खास कायदा करून फुलं जमवण्या-बाळगण्यावरच बंधनं घातली, जिला नंतर हातभट्टी म्हणून हिणवलं गेलं, तिला लंडनमध्ये पदक मिळावं, यात न्याय आहे हे मलाही कळतं. पण हॉटेलच्या व्यवस्थापकाच्या मनात मोहाबद्दल जी भीती असते ती मानाअपमानाची नसते, ती विषबाधेची असते. आणि ती भीती पदकाने जात नाही, प्रयोगशाळेच्या कागदाने जाते. मेथॅनॉल या विषारी अल्कोहोलचं प्रमाण, गॅस क्रोमॅटोग्राफीचा (दारूतले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा) अहवाल, प्रत्येक बॅचचा. तुम्ही ज्या खुर्चीतून उठून आलात तिथे हेच करत होतात ना? हातभट्टीवाल्या एकाही माणसाला देता येणार नाही असा कागद तुम्हाला देता येतो. पहिली धार टाकली की मेथॅनॉल गेलं, अशी गावात समजूत आहे. ती पुरती खरी नाही, हे तुम्हाला माहीत असेल. म्हणूनच कागद हवा.

पैसे घालायचेच असतील तर मी कुठे घालीन ते सांगते. पहिलं झाडाखाली. फुलं पहाटे गळतात आणि बायका ती वेचण्याआधी खालचा पाचोळा जाळून जागा साफ करतात. त्या राखेचा, धुराचा वास फुलाला लागतो, रसरशीत पाकळीला माती आणि खडे चिकटतात आणि ते सगळं पुढे पिंपात जातं. झाडाखाली जाळी बांधली की फूल जमिनीला टेकतच नाही. जाळीवरची फुलं आणि जमिनीवरची फुलं वेगळी आंबवून, वेगळी गाळून दोन ग्लासांत घेऊन बघा. नंतर भट्टीवर. लोक पहिल्या धारेची म्हणून जिची वाखाणणी करतात तिच्यात नेलपॉलिशसारखा झणझणीत वास असतो; शेवटच्या धारेला ओल्या पुठ्ठ्याचा. मधलं कुठे सुरू करायचं आणि कुठे थांबायचं हे आज तुमच्याकडे बहुधा एका बाईच्या नाकावर चाललेलं असेल. ते नाक फार मोलाचं आहे, त्याच्या शेजारी तापमान आणि अल्कोहोलचं प्रमाण लिहिणारी वही ठेवा, म्हणजे ती बाई माहेरी गेली तरी बॅच तशीच उतरेल.

नंतर इथेच, इंदूरमध्ये, स्वतःची स्पर्धा भरवा. परवाना असलेल्या एखाद्या बारवाल्याला दुपारची रिकामी वेळ मागा, शहरातल्या हॉटेलांचे चार-सहा बारटेंडर आणि हॉटेल मॅनेजमेंट शिकवणारे दोघे-तिघे बोलवा. हॉजसनसारखं करा : तुमच्या तीन बॅचेस, बाजारातल्या दुसऱ्या दोन मोहाच्या बाटल्या, आणि तुमचीच एक बॅच दोनदा, सगळ्यांवर नुसते क्रमांक. गुण नकोत, लिहून घ्या काय वास आला, काय खटकलं, कितीला विकत घेतली असती. तुमच्या तीन बॅचेस तीन वेगळ्या दारू म्हणून ओळखल्या गेल्या तर स्पर्धेचा विषय तूर्त संपला. कारण पदक मिळालेल्या बाटलीने आलेलं गिऱ्हाईक दुसरी बाटली घेतं आणि ती वेगळी लागली की ते परत येत नाही, आणि चार जणांना सांगतंही. आपल्या शहराला २०१७ पासून स्वच्छतेचा पहिला नंबर मिळत आला त्याचंही हेच. आधी रोज सकाळी कचरागाडी गाणं वाजवत दारात आली, ओला-सुका वेगळा करायची सवय लागली, मग ट्रॉफी. ट्रॉफी आणून कचरागाडी सुरू झाली नाही.

यंदाच्या हंगामाच्या तीन सलग बॅचेस सारख्या उतरल्या, कागदावर पाच-सहा खरेदीदार आले आणि गोदामात निदान हजार बाटल्या बाजूला ठेवता आल्या, तर पुढच्या वर्षी एक बाटली पाठवा. तीन नव्हे, एक, आणि ती साधी. पिंपातल्या मोहात लाकूडच बोलतं आणि बडीशेपेच्या मोहात बडीशेप. परीक्षकाने मोहावर मत द्यावं असं वाटत असेल तर त्याला मोहच द्या. स्पर्धा निवडताना नियमावली वाचा : गुणांची पद्धत छापलेली आहे का, परीक्षकांची नावं दिलेली आहेत का, सगळ्या खर्चाचा आकडा आधी कळतो का आणि चाखणाऱ्यांचे लेखी शेरे मिळतात का. शेऱ्यांवर मी सगळ्यात जास्त वजन टाकीन. पदक लागो न लागो, परक्या नाकांनी तुमच्या दारूबद्दल लिहिलेल्या चार ओळी इतक्या पैशांत दुसरीकडे मिळत नाहीत.

आता पैसे कुणाचे, यावर. पत्रात तुम्ही खात्यातली शिल्लक सांगितलीत आणि पुढे "नाव होईल" असं लिहिलंत. खातं गटाचं आहे. त्या बायकांना स्पर्धेबद्दल विचारलंत का, याचा उल्लेख पत्रात कुठेही नाही. गटाच्या बैठकीत विषय मांडा, तुमच्या बाजूने न बोलता मांडा. दोन लाख म्हणजे किती बाटल्या आणि किती टोपल्या फुलं हे त्यांच्या हिशेबात सांगा. "नको" म्हणाल्या तर तिथेच थांबा. "हो" म्हणाल्या तर ठराव लिहून सह्या-अंगठे घ्या. अर्जात उत्पादक म्हणून गटाचं नाव घाला, तुमचं संपर्क म्हणून. आणि कधी समारंभाला जायची वेळ आलीच, तर स्टेजवर तुम्ही एकटे दिसणार नाही याची तजवीज आत्ताच करून ठेवा. फोटो कायमचे राहतात.

बाबांबद्दल थोडं कमीच बोलते. त्यांना लाज वाटते ती खरी आहे. आपल्या घरांत 'दारूचा धंदा' या दोन शब्दांनी देवघराची दारं बंद होतात, लोकमान्यनगरात तर जरा जास्तच. पण ती लाज उतरवायचा खर्च कुक्षीच्या बायकांच्या बचतीतून करायचा नाही, एवढं नक्की. आणि कांस्यपदक बघून ते मावसभावांना फोन लावतील असं तुम्हाला खरंच वाटतं? ते शिक्षक होते. त्यांना एकदा गाडीत घालून भट्टीवर न्या, बॅचची वही दाखवा, तिथल्या एखाद्या बाईच्या मुलीची फी कशातून भरली जाते ते तिच्याच तोंडून ऐकू द्या. ते तरीही पीथमपूरचंच सांगत राहिले तर सांगू द्या. तुमच्या वयाला आता चालतं.

एक कामाचं राहिलं. लेबल आबकारी खात्याकडून मंजूर झालेलं असतं आणि त्यावर नवं काही चिकटवलं, सोनेरी पदकसुद्धा, तरी आधी परवानगी लागू शकते. आबकारी वर्ष एप्रिलपासून बदलतं आणि लेबलांची नोंदणी त्याच वेळी नव्याने होते. पुढच्या वर्षी स्पर्धेचं ठरलंच, तर पदक लागल्यास ते लेबलवर कुठे आणि कोणत्या शब्दांत छापता येईल हे जानेवारी-फेब्रुवारीतच विचारून ठेवा, छापखान्याला लेबलं द्यायच्या आधी. नाहीतर छापून झालेली हजारो लेबलं आणि हातात पदक, असे बसाल. आणि जाळ्यांची ऑर्डर होळीच्या आधी द्या.